खिशातली डबी

सकाळचे साडेआठ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यासमोर मोटरसायकल थांबते. कागलहून आलेल्या या शेतकऱ्याच्या शर्टाच्या आत, छातीशी, प्लास्टिकची छोटी डबी आहे. ती तासाभरात लॅबमध्ये पोचवायची आणि तिची ऊब जाऊ द्यायची नाही. मागे बसलेली बायको वाटभर एकच विचारत आली, "अहो, डबी नीट हाय न्हवं?"

आज त्यांचं दुसरं आययूआय, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार.

लॅबमध्ये वीर्य मशीनमध्ये फिरवून धुतात. चपळ शुक्राणू तेवढे वेगळे निघतात. अर्धा मिलिलिटर द्रव, बारीक मऊ नळी, आणि थेट गर्भाशयात. दोन-चार मिनिटांत होतं, भूल लागत नाही. वेळ मात्र चुकवून चालत नाही. अंडं फुटण्याचं इंजेक्शन तिनं परवा रात्री दहाला घेतलं, त्याला 36 तास झाले की आजचे दहा.

आता यशाचं. औषधांसकट एका वेळेला साधारण 100 पैकी 10 ते 15 जणींनाच दिवस जातात. चाळिशीनंतर हा आकडा पाचाच्याही खाली उतरतो. पण खचू नका. धडधाकट तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात 20-25 टक्क्यांहून जास्त संधी नसते.

यासाठी बाईची निदान एक गर्भनळी उघडी हवी. धुतल्यावर पळणारे शुक्राणू 50 लाख ते एक कोटी उरले तर आशा चांगली. आणि ज्यांना यश येतं, त्यातल्या बहुतेकांना ते पहिल्या तीन-चार खेपांतच येतं. त्यानंतरही "अजून एकदा बघू" म्हणत वर्षं घालवू नयेत, टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करावा. वय कुणासाठी थांबत नाही.

आम्हाला सगळ्यात लागलं ते वेगळंच. या बाईच्या दुर्बिणीच्या दोन तपासण्या झाल्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे झाला, नवससायास झाले. नवऱ्याची पहिली वीर्य तपासणी झाली ती लग्नाच्या सहाव्या वर्षी. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं. इतकी साधी, बिनदुखण्याची तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी होती. हे तो स्वतःच आम्हाला सांगतो, मान खाली घालून.

दहा मिनिटं पडून राहून ती उठते. दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. जिना उतरताना विचारते, "अंबाबाईची ओटी रिपोर्ट आल्यावर भरायची का?"

"आधीच भरूया की," तो म्हणतो, आणि गाडी देवळाकडे वळवतो.