शिवण: कपड्याची नव्हे, सुताराची

[दृश्य: मुंबईच्या दारूखाना भागातली लाकडाची वखार. फिकट पिवळी फळी रंध्याखाली.]

ही शिवण. गंभारीही हिचंच नाव. दशमुळांपैकी एक मूळ हिचं. साग, शिवण आणि अंगणातली तुळस एकाच कुळातली, हे ऐकून सुतारही हसतात. झाड भराभर वाढतं, लाकूड फिकट आणि हलकं. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण 18 किलो भरतं, शिवण 13 ते 14.

हा फरक मुंबईच्या घरात कामाला येतो. पाऊण घनफूट लाकडाचा देव्हारा सागात साडेतेरा किलोंचा, शिवणीत दहाच्या आसपास. चार इंची भिंतीवर टांगायचा, तर शिवणच बरी.

[दृश्य: पावसात अडकलेला ड्रॉवर.]

पण हिचा खरा गुण वजनात नाही, फुगण्यात आहे. म्हणजे न फुगण्यात. ओल्या लाकडाचं पूर्ण सुकेपर्यंत आकुंचन रुंदीला सुमारे 5 टक्के, म्हणजे जवळपास सागाइतकंच कमी. उन्हाळ्यात 11 टक्के ओलाव्याची फळी जुलैत 17 टक्क्यांवर जाते, तेव्हा 200 मिलिमीटर रुंदीची फळी सुमारे 2 मिलिमीटर वाढते. ड्रॉवर बसवताना वर तेवढी फट ठेवा. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही, आणि दोष लाकडाला लागतो!

[दृश्य: फळ्यांची थप्पी, मध्ये पट्ट्या.]

फळी घेताना मॉइश्चर मीटर लावा. 12 टक्क्यांच्या आसपास हवं. ओली आली तर दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या देऊन थप्पी लावा, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. टोकांना रंग फासा, नाहीतर तिथून आधी सुकते आणि चिरते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या ओल्या फळीवर निळसर डाग पडतात. ती बुरशी. ताकद फारशी जात नाही, पण नुसतं पॉलिश करायचं असेल तर ती फळी बाजूलाच ठेवा.

[दृश्य: रंध्याची धार.]

करवत, पटाशी दोन्ही सहज चालतात. खिळ्याने फळी सहसा फाटत नाही. फसवते ती लाकडाच्या तंतूंची रेषा. मध्येच दिशा बदलते, आणि बोथट रंधा तिथे तंतू उपटतो. पातं ताजं धारेचं, काप कागदाइतका; तरी उपटलं तर फळी फिरवून उलट्या बाजूने चालवा.

[दृश्य: रंगवलेली लाकडी गाडी, फोटोची चौकट.]

खेळणी, चौकटी, ड्रॉवरच्या आतल्या बाजू, कोरीवकाम: इथे शिवणीला तोड नाही, रंगही छान धरते. ओट्याचा पृष्ठभाग, जेवणाच्या टेबलाची कड मात्र नको, नखाचीसुद्धा खूण उमटते. आणि ‘व्हाइट टीक’ म्हणून विकली, तरी बाल्कनीत, पावसाच्या माऱ्यात सागासारखी टिकेल ही आशा ठेवू नका. मातीला टेकलेला पाय तर आधी कुजतो.