कधी ऐकू येणारा, कधी गळणारा ‘स’

चिलीच्या दक्षिण टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीकाठी पुंता आरेनास हे शहर आहे. येथील मुले स्पॅनिश बोलतात आणि मेक्सिको सिटीतील मुलेही स्पॅनिशच बोलतात. मात्र अनेकवचन शिकताना दोघांपुढचे काम सारखे नसते.

स्पॅनिशमध्ये अनेकवचनाचा ‘स’ नामाबरोबरच उपपदाला आणि विशेषणालाही लागतो: ‘ला कासा’ म्हणजे एक घर, ‘लास कासास’ म्हणजे अनेक घरे. मेक्सिको सिटीत तो स्पष्ट ऐकू येतो. चिलीत मात्र तो कधी पुरता उच्चारला जातो, कधी त्याचा ‘ह’सारखा नुसता श्वास उरतो, तर कधी तो गळूनच जातो आणि अनेक घरांविषयीचे बोलणेही मुलाच्या कानावर ‘ला कासा’ असेच पडते.

कॅरन मिलर आणि क्रिस्तिना श्मिट या भाषावैज्ञानिकांनी दोन्ही शहरांतील मुलांची तुलना केली. मेक्सिकोतील मुले ‘स’वरून ‘एकाहून अधिक’ हा अर्थ घेत होती. पुंता आरेनासच्या कामगार कुटुंबांतील अनेक मुलांना मात्र त्यासाठी अधिक काळ लागत होता. याला मुलांची उणीव म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्या बोलीत ‘स’ ऐकू आला नाही म्हणून वस्तू एकच आहे असे ठरवताच येत नाही. शिवाय तो गळतो तोही मन मानेल तसा नव्हे: शब्दातील जागा, पुढचा ध्वनी, बोलणाऱ्याचा सामाजिक थर आणि प्रसंग यांनुसार त्याचे प्रमाण बदलते, आणि मुलाला हे सारेच शिकायचे असते.

ऐकलेली किंवा पाहिलेली भाषा विस्कळीतच असेल, तर चित्र पालटते. जेनी सिंगलटन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी 2004 मध्ये सायमन या नावाने मांडलेला कर्णबधिर मुलगा अमेरिकी सांकेतिक भाषा केवळ आईवडिलांकडून शिकला होता. त्यांनी स्वतः ती वयाच्या पंधराव्या वर्षानंतर आत्मसात केल्यामुळे हालचाल दाखवणाऱ्या क्रियापदांत ते वरचेवर चुकत. सायमनने त्या चुका उचलल्या नाहीत; आईवडिलांच्या खुणांत जे रूप अधिक वेळा येई त्यालाच त्याने नियम मानले, आणि बहुतेक बाबतींत तो त्यांच्याहून अचूक ठरला. हाताच्या आकारांनी वस्तूचा प्रकार दाखवताना मात्र पालकांच्या खुणा फारच अनियमित होत्या, आणि तिथे सायमनही समवयस्कांच्या मागे राहिला.