पांढऱ्या गच्चीचा भाव कुठे ठरतो?

श्रोतेहो, नमस्कार. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात सिमेंटचा जुना स्लॅब जेमतेम तिसरा हिस्सा ऊन परत फेकतो. उरलेलं पिऊन रात्रभर खोलीत सोडत राहतो. चांगला पांढरा लेप ताजा असताना पाचातले चार हिस्से परतवतो. म्हणून उन्हाळा लागला की नागपूरच्या इतवारी बाजारात ‘कूल रूफ’ म्हणजे गच्ची थंड ठेवणाऱ्या पांढऱ्या रंगाच्या बादल्यांची चौकशी सुरू होते. भाव मात्र इतवारीत ठरत नाही.

तो ठरतो रंगाला पांढरेपणा देणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइड या भुकटीवर. ती सर्वांत जास्त बनवतो चीन. तिचं खनिज, इल्मेनाइट, आपल्याही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत आहे, तरी तयार भुकटी आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. जानेवारी २०२५मध्ये युरोपीय संघाने चिनी भुकटीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर, पक्कं केलं. मे महिन्यात भारतानेही टनामागे ४६० ते ६८१ डॉलर लावले. अशी शुल्कं लागतात, उठतात, आणि एक दार बंद झालं की माल दुसऱ्या दाराशी येतो.

भुकटी महागली की बादली महागेलच असं नाही. आत भुकटी कमी आणि खडू जास्त, एवढाही बदल होऊ शकतो. खडूचा कण अ‍ॅक्रिलिकच्या चिकात, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थात, बुडाला की जवळजवळ पारदर्शक होतो. टायटॅनियमचा होत नाही. खडू फार झाला तर लेप सच्छिद्र राहतो, कोरडा असताना पांढरा दिसतो, पण धूळ धरतो. ओळखायचं कसं? काळ्या फरशीच्या तुकड्यावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग ओलं फडकं फिरवा. खालचा काळेपणा डोकावला तर ती बादली नको. दुकानदाराला एसआरआयचा, म्हणजे उन्हात पृष्ठभाग किती थंड राहतो हे सांगणारा, आकडाही विचारा. प्रमाण काळ्या पृष्ठभागाला शून्य, पांढऱ्याला १००.

चांगला रंगही चुकीच्या वेळी लावला तर वाया जातो. दुपारी तापलेल्या स्लॅबवर पाणी झटकन उडतं, पापुद्रा नीट जुळत नाही, पावसाळ्यात पोपडे निघतात. गच्ची घासून धुवा, भेगा भरा, पूर्ण सुकू द्या. सकाळी लवकर पहिला हात आडवा द्या, तो वाळल्यावर दुसरा उभा. पाणी साचतं तिथे आधी उतार दुरुस्त करा. पुढच्या वर्षापासून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुवा. धुळीमुळे ऊन परतवणं बरंच घटतं.

एवढा खर्च नको असेल तर चुना आहेच. त्यात अ‍ॅक्रिलिकचा चीक नसतो, कणांभोवती हवा राहते, म्हणून कोरडा चुना टायटॅनियमशिवायच पांढरा. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, रात्रभर भिजत, मग गाळून लिटरमागे चार ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. पाऊस त्यातला बराच धुऊन नेतो, पण तोवर मे सरलेला असतो.