ट्रान्सफर केस तापतंय? कूलर राहू दे, आधी दोन्ही प्लग उघडा

नमस्कार मंडळी! तोच प्रश्न परत परत येतोय, "दादा, माझ्या जुन्या विलीज जीपचं ट्रान्सफर केस हात लावता येत नाही एवढं तापतं, कूलर लावू का?" एका भाऊंनी तर कॉम्प्युटरचा पंखा झिपटायने बांधून फोटो पाठवलाय. मेहनत दिसतेय भाऊ, पण काढा तो. 

बेसिक पटकन. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे चिकटलेला डबा, ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटतो, हाय-लो देतो, म्हणजे हाय वेगाला आणि लो जोराला. आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये बहुतेक स्पायसर १८ नावाचं मॉडेल असतं, १९४१ च्या लष्करी जीपपासून चालत आलेलं. आत पंप वगैरे काही नाही, खालची गिअरं तेलात फिरतात आणि तेल उडवतात, त्यावरच सगळं चालतं.

आता हे तापतं का? कारण टू व्हील हायमध्येसुद्धा, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असतानाही, ताकद सरळ मागे जात नाही, मधल्या आयडलर गिअरवरून फिरून जाते, म्हणजे त्या बिचाऱ्याला सुट्टीच नाही. युद्धातल्या जीपला त्या आयडलरचा शाफ्ट पाऊण इंचाचा होता, पुढे वाढवत वाढवत सव्वा इंच केला, यावरून काय ते समजा. म्हणून थोडी गरमी आणि कुईंऽऽ आवाज नॉर्मल आहे. साठ अंशाला लोखंड हातात धरवत नाही, गिअर ऑईलला मात्र साठ अंश म्हणजे काहीच नाही. हात लावून ठरवू नका, टेम्परेचर गन घ्या, जवळून मारा, आणि गाडी चांगली असताना किती दाखवते ते लिहून ठेवा, मग पुढे फरक कळतो.

आता मेन मुद्दा, यावर माझं डोकं फिरतं. लोक गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग, म्हणजे तेलाची पातळी बघायचं बूच, उघडतात, तेल कमी दिसतं, वरून ओततात, प्लग बंद, झालं काम! अहो, ते तेल गेलं कुठे? गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगमधून ते हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये सरकतं. म्हणजे इकडे कमी आणि तिकडे जास्त. तुम्ही इकडे अजून ओतलं की ते पण तिकडेच जाणार.

उलट बाजूने बघा. ट्रान्सफर केसमध्ये तेल जास्त झालं की गिअरं ते घुसळत बसतात, फेस होतो, फेसाने ना वंगण होतं ना गरमी बाहेर पडते. जास्त तेल म्हणजे जास्त थंड असं वाटतं ना? नाही होत तसं, उलट अजून तापतं.

अजून नाही पटलं? मग हँडब्रेक बघा. या जीपचा हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच आहे. लेव्हल वर गेली की मागच्या सीलमधून तेल गळतं आणि थेट ब्रेकवर. डोंबिवलीचा माझा एक मित्र, त्याच्या मेकॅनिकने सील बदललं, परत बदललं, शेवटी हँडब्रेकचं लायनिंगसुद्धा बदललं, बिल वाढत गेलं आणि गळती तशीच. मी कुर्ल्याला त्या गॅरेजमध्ये गेलो, ट्रान्सफर केसचा साइडचा प्लग सैल केला आणि तेल धारेने बाहेर! सीलचा काय दोष?

म्हणून गिअरबॉक्सचा आणि ट्रान्सफर केसचा, दोन्ही प्लग एकाच वेळी उघडा. गाडी सपाट जागेवर, सोसायटीच्या रॅम्पवर नाही, इंजिन बंद, थोडं थांबा. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे, तेवढंच. तेल काढायचं असेल तर वरचा फिलर प्लग आधी सुटतो का बघा, नाहीतर खालून सगळं रिकामं केलंत आणि वरचा जाम, मग गाडी तिथेच. पक्का इलाज हवा असेल तर गिअरबॉक्स उघडेल तेव्हा मागे एका बाजूने सीलबंद बेअरिंग टाका, पण तरी लेव्हल दोन्हीकडची बघायचीच.

तेल कुठलं? ९० नंबर (हा जाडपणा), जीएल-४ (हा गिअर ऑईलचा दर्जा). "जीएल-५ नवीन म्हणजे भारी" असं काउंटरवर सांगतात, पण त्यातली काही ऑईल पितळ-ब्राँझला खातात, आणि गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) ब्राँझच्या, ट्रान्सफर केसमधले थ्रस्ट वॉशरही. तेल सरकतं हे आत्ताच बघितलं, त्यामुळे दोन्हीकडे एकच तेल. गळती थांबवायला आत ग्रीस भरणाऱ्यांशी मी बोलत नाही. ग्रीस उडत नाही हो, कडेला चिकटून बसतं आणि आयडलर कोरडा मरतो.

आणि डांबरावर फोर बाय फोर टाकून शायनिंग मारू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांना पिळतात आणि सगळा ताण या डब्यावर येतो.

पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला गाडी पाण्यातून काढलीत तर दुसऱ्याच दिवशी तेल बघा. तापलेला डबा पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर सरळ ओतून टाका, गाळून परत वापरायचा विचारसुद्धा नको. काढलेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, बारीक चमकी असेल तर चालतं, नखात येईल असा तुकडा दिसला तर गाडी हलवू नका, ट्रेचा फोटो काढा आणि कमेंटमध्ये टाका.