हौद्यातली सोलं

(सकाळ. अंगणात उभा जुना टिप्पर.)

हा टिप्पर, खनिज वाहणारा ट्रक, कित्येक वर्षं जागचा हललेला नाही. पुढच्या चाकांत हवा नाही, दारावर काजूची फांदी टेकली आहे. पण मे महिना लागला की तो पुन्हा कामाला येतो. हौद्यात आधी ताडपत्री, ताडपत्रीवर धुतलेलं सुती कापड आणि कापडावर भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली. वाळल्या की याच साली सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. दहा वाजेपर्यंत पत्रा इतका तापतो की कडेला हात ठेववत नाही. काकी शिडीवरून साली पालथ्या करतात. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून आपणही त्यांना काकीच म्हणू.

"उन्हाला भाडं पडत नाही," त्या म्हणतात, आणि खाली उतरतात.

(लाल रस्ता. दूरवर खाणीची पायऱ्यापायऱ्यांची दरड.)

गोव्यातला डिचोली तालुका. या रस्त्यावरून एके काळी ट्रकांची रांग संपत नसे. खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे. 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून 5 कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. कौलं लाल, आंब्याची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल. ज्याच्याकडे थोडी पुंजी होती त्याने बँकेचं कर्ज काढून टिप्पर घेतला. पुंजी नव्हती तो दुसऱ्याच्या टिप्परवर चालक झाला.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. मग 7 फेब्रुवारी 2018 ला खाणींच्या 88 लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं बंद पडलं. खाण हवी की नको, हा वाद गोव्यात घरोघरी आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. एवढंच बघा, की दोन्ही वेळा निर्णय दूर कुठेतरी झाला आणि कर्जाचा हप्ता या अंगणात आला.

(ओसरी. चटईवर बसलेल्या बायका, मध्ये पत्र्याची पेटी.)

या ओसरीवर जी संस्था बसते तिला गावात नुसतं 'संस्था' म्हणतात. फलक नाही, ऑफिस नाही. एक कपाट, एक वजनकाटा, प्लॅस्टिकच्या फायली आणि एक ताई. ताई पूर्वी अंगणवाडीत होत्या. त्यांचं म्हणणं साधं आहे: घराला मदत देण्याआधी त्या घराचा हिशेब मांडायचा. येणं किती, देणं किती, कुठलं सोनं कुठे गहाण आहे, मुलांची फी कधी भरायची. बहुतेक घरांत हा हिशेब कुणी कधी मांडलेलाच नसतो. पैसे रोजचे येत होते तेव्हा त्याची गरज पडली नव्हती.

आता सोलं. कारण आम्ही चित्रीकरणाला चार दिवस राहिलो, आणि या बायकांनी चारही दिवस दुसरं काही करूच दिलं नाही.

(जवळून: विळीवर भिरंड. लाल रस बोटांवरून कोपरापर्यंत.)

भिरंड पूर्ण पिकलेलं लागतं, जांभळट लाल. कच्चं घेतलं तर सोल पातळ होतं आणि रंग धरत नाही. विळीवर दोन भाग करायचे, आतला गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्या. भांडं मातीचं, काचेचं नाहीतर स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमला हा आंबटपणा खातो, म्हणून ते ओसरीवर चढतच नाही. गरात मीठ घालून ठेवलं की रस सुटतो.

पहिल्या दिवशी साली नुसत्या उन्हात. संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, रात्रभर मुरू द्यायच्या, सकाळी पुन्हा हौद्यात. याला पुट देणं म्हणतात. एक पुट, दोन पुटं, पाच-सहा पुटं. रोज रंग एकेक छटा खाली उतरतो: लाल, मग जांभळा, मग काळा. शेवटी सोल दुमडलं तर मोडत नाही आणि बोटाला चिकटतही नाही. ते ओळखायला यंत्र नाही. काकी एक उचलतात, दाबतात, जिभेला लावतात आणि मान हलवतात. म्हणजे अजून एक पुट.

मिठावरून इथे भांडणं होतात. जास्त मीठ घातलं तर सोल ओलसर राहतं आणि काट्यावर जड भरतं. बाजारात असा माल भरपूर मिळतो. संस्थेने मीठ मोजून घालायचं ठरवलं, तेव्हा दोघीजणी महिनाभर ओसरीवर फिरकल्या नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं. हलकं सोल म्हणजे त्याच मेहनतीचे कमी पैसे, निदान पहिल्या वर्षी तरी.

(रसाच्या बरण्या रांगेत. उन्हात बरण्यांचा रंग जमिनीवर पडतो.)

उरलेला खारवलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीला. बियाही वाया जात नाहीत. धुवायच्या, वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तूप वर तरंगतं. निवलं की मुठीत वळून त्याचे गोळे करतात. हे भिरंडेल. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात, आणि ज्या हातांनी ते वळलं जातं त्या हातांच्या भेगा तुम्हाला आत्ता दिसताहेत.

(इथे निवेदन नाही. पंधरा सेकंद हात.)

(म्हापशाचा बाजार. गर्दी.)

शुक्रवार, म्हापसा. पावसाआधीचा पुरुमेंताचा बाजार. लोक सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा आणि सोलं घेऊन चार महिन्यांची सोय करतात. गिऱ्हाईक पाकीट फिरवून 14 अंकी अन्न परवाना क्रमांक बघत नाही. सोल नाकाशी धरतं. तो क्रमांक पुढे दुकानात माल ठेवायचा तर लागतो, म्हणून ताईंनी नोंदणी करून घेतली आणि लेबलं इथेच कापून चिकटवली. थोडी तिरपी आहेत.

पण सोलांवर वर्ष निघत नाही. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. पाऊस पडला की हौदा रिकामा. मग उरलेले दहा महिने संस्था करते काय?

(फाइल उघडते. कागद.)

कागद. पडद्यावर याच्याइतकं नीरस दुसरं काही दिसत नाही, पण खरं काम हेच. लग्नात नवरीचं नाव बदलायची इकडे रीत आहे. माहेरचं नाव जन्माच्या दाखल्यावर, सासरचं आधार कार्डावर, आणि पासबुकात बँकेतल्या माणसाला ऐकू आलं ते. एकाच बाईच्या तीन बायका. कुणाच्या लग्नाची पहिली सही झाली आणि दुसरी राहिली. गोव्यात नोंदणीकडे दोनदा जावं लागतं. दुसऱ्यांदा जायचं राहून गेलं की लग्न वाजतगाजत होऊनही दाखला नाही. दाखला नाही म्हणून नाव बदलत नाही, नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत.

अर्ज कसला, तर राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचा: लग्न झालेल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि घराचं उत्पन्न वर्षाला 3 लाखांच्या आत असल्याचा दाखला लागतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून म्हाताऱ्या सासूला पेन्शन मिळतं. रक्कम मोठी नाही. पण ती ठरलेल्या खात्यात येते, आणि ताईंच्या हिशेबात 'येणं' या रकान्यात दर महिन्याला लिहिता येईल असा तो पहिला आकडा असतो. मामलेदार कचेरीत कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघी दिसताहेत, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

(पुन्हा ओसरी. पेटी उघडते.)

दर रविवारी पेटी उघडते. प्रत्येकीने 50 रुपये ठेवायचे, नावापुढे सही किंवा अंगठा. बचत गटांना सगळीकडे पाच गोष्टी शिकवतात: बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि नोंद. इथे सगळ्यात कडक आहे ती नोंद. वही मोठ्याने वाचली जाते. कुणी कशासाठी किती घेतलं ते सगळ्यांसमोर. एकीला हे आवडत नाही, तिने तसं कॅमेऱ्यासमोर सांगितलंही: "घरच्या गोष्टी ओसरीवर कशाला?" ताई म्हणाल्या, "सावकाराकडे एकटीला जावं लागतं म्हणून." वाचन पुढे चालू.

या वहीतून दोन मंगळसूत्रं सुटली, एका घराची वीज परत आली, काकींची धाकटी नर्सिंगला आहे.

(आकाश. डोंगरामागून ढग.)

चौथा दिवस, दुपारचे साडेतीन. अजून मिरग लागायचा आहे, पण वारा फिरला.

"पावस येतलो गो!"

(धावपळ. शिडी. कापडाची चार टोकं चौघींच्या हातात.)

आमच्या कॅमेरामननेही कॅमेरा ठेवून एक टोक धरलं, म्हणून पुढची दोन मिनिटं तुम्हाला फक्त ओसरीचे खांब आणि आवाज मिळतील.

(पावसाचा आवाज. मग वजनकाटा.)

साली ओसरीवर आल्या. काकींनी एक सोल उचललं, दाबलं, जिभेला लावलं. मान हलवली नाही. ताईंनी काटा पुढे ओढला आणि वहीचं नवं पान काढलं. बाहेर टिप्परच्या हौद्यात पाणी साचू लागलं होतं.