चेंदणीचा बोका

(दृश्य : सकाळ. ठाणे स्टेशनाबाहेरची गर्दी. कॅमेरा गर्दीतून सुटून चेंदणी कोळीवाड्याच्या गल्लीत शिरतो. एका घराच्या ओट्याखाली अंधार, अंधारात दोन डोळे.)

ठाणे स्टेशन जागं होऊन बराच वेळ झालाय. लोकलमागून लोकल येतेय, रिक्षांची रांग लागलीय. इथून चालत थोड्याच अंतरावर, चेंदणी कोळीवाड्यात, एक जण मात्र अजून अंग ताणतोय. आधी पुढचे दोन्ही पाय लांब, छाती जमिनीला, कंबर वर. मग सगळं अंग पुढे सरकतं आणि मागचा एकेक पाय बोटांपर्यंत ताणला जातो. मग एक जांभई. घाई कशाचीच नाही.

ह्याला नाव नाही. गल्लीत सगळे बोक्याच म्हणतात. करडं अंग, त्यावर काळे पट्टे, आणि एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं. भांडणात तुटलेला कान असा सरळ नसतो. ही नसबंदी झाल्याची खूण आहे. लांबूनच ओळखू यावं आणि ह्याला पुन्हा कुणी पकडून नेऊ नये, म्हणून ती करतात.

ह्या बोक्याची हुबेहूब नक्कल करायला आठ मुलं निघाली आहेत.

(दृश्य : नौपाड्यातला एक छोटा हॉल. सतरंजी, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, पंख्याचा आवाज.)

मे महिन्याच्या सुट्टीतलं बालनाट्य शिबिर. नाटकात एक मांजर आहे, आणि ते कुणी करायचं हे अजून ठरलेलं नाही. पहिल्या दिवशी शिबिराच्या ताई म्हणाल्या, "चला, सगळे मांजर व्हा." आठही मुलं गुडघ्यांवर रांगायला लागली, बोटं वाकडी करून हवेत नख्या काढल्या आणि एका सुरात ओरडली, "म्याव!"

ताईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं, "ह्यातलं खऱ्या मांजराचं बघून केलेलं किती, आणि कार्टूनचं बघून केलेलं किती?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर वावरतोय, पण मला कुणी मांजर करायला सांगितलं असतं तर मीही म्यावनंच सुरुवात केली असती.

आणि चूक नेमकी तिथेच होते. पिल्लू आईला हाक मारतं तेव्हा म्याव करतं. मोठं झालेलं मांजर दुसऱ्या मोठ्या मांजराशी बोलताना म्याव क्वचितच करतं. तिथे फिस्कारणं असतं, गुरगुरणं असतं, बोक्यांची ती रात्रीची लांबलचक रडारड असते. म्याव राखून ठेवलेलं असतं ते मुख्यतः आपल्यासाठी, माणसांसाठी. म्हणजे आपण म्याव करतो तेव्हा मांजर आपल्याशी कसं वागतं तेवढंच उचलतो. ते एकटं असताना कसं असतं, ते त्यात येतच नाही.

ताईंनी म्याववर आठ दिवस बंदी घातली. प्रत्येकाला एक वही दिली आणि जोड्या करून सकाळी सात वाजता कोळीवाड्यात पाठवलं. नियम दोनच. मांजराला हात लावायचा नाही. आणि एका दिवशी एकच गोष्ट बघायची. आज फक्त कान, उद्या फक्त शेपूट.

(दृश्य : वहीची पानं. पेन्सिलीनं काढलेले कान. पुढे वळलेले, आडवे पडलेले, एक पुढे आणि एक मागे.)

पहिले दोन दिवस वह्यांमध्ये एकच वाक्य होतं. 'मांजर झोपलं आहे.' मुलं वैतागली. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपण्यात आणि डुलक्या काढण्यात घालवतं, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलानं लिहिलं, 'मांजर झोपलं आहे पण कान जागा आहे.' ताईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. शिबिराला खरी सुरुवात झाली ती ह्या वाक्यापासून.

मांजराचे दोन कान वेगवेगळे हलतात आणि जवळजवळ अर्ध्या वर्तुळात फिरतात. गल्लीच्या टोकाला स्कूटर आली की डोळे मिटलेलेच राहतात, पण एक कान वळून तिकडे बघून येतो. काम असेल तर डोळे उघडतात. फारच काम असेल तर मान वळते. अंग उठतं ते सगळ्यात शेवटी.

आता माणसाला असे कान फिरवता येत नाहीत. मग करायचं काय? ताईंनी मुलांना क्रम उचलायला लावला. आवाज आला की आधी काहीच हलवायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग डोळे, मग मान, मग अंग. मी हे कॅमेऱ्यातून बघत होतो. कुठलीही वेशभूषा नाही, मिशा रंगवलेल्या नाहीत, आणि समोर खुर्चीवर बसलेली शाळेतली मुलगी एकाएकी मांजर दिसायला लागली. अंगावर काटा आला.

(दृश्य : ओट्यावर सांडलेलं पाणी. त्यातून बोका चालत जातो. कोरड्या फरशीवर ओले ठसे.)

चालीचं कोडं सुटलं ते मासळी धुतलेल्या पाण्यामुळे. पाय ओले झालेला बोका कोरड्या फरशीवरून गेला, आणि मुलांनी ठसे मोजले. चार पायांचे जितके ठसे पडायला हवेत, त्याच्या निम्मेच दिसत होते. कारण मांजराचा मागचा पंजा जवळजवळ त्याच जागी पडतो जिथून पुढचा पंजा नुकताच उचललेला असतो. पुढच्या पायानं जागा पारखून घेतलेली असते, मागचा पाय तिथेच विश्वासानं पडतो. कौलांवरून, कुंपणावरून, टोपल्यांच्या चळतीतून आवाज न करता जाता येतं ते ह्यामुळे.

आणखी एक गोष्ट मुलांना चित्र काढताना कळली. मांजराच्या मागच्या पायाचा जो 'उलटा गुडघा' दिसतो, तो गुडघा नसतोच. ती टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो. मांजर सगळा जन्म चवड्यांवर चालतं. टाच टेकते ती बसल्यावर.

पण खरी अडचण खांद्यांची होती. आपलं गळ्याखालचं हाड एका टोकाला छातीच्या हाडाला आणि दुसऱ्या टोकाला खांद्याला पक्कं जोडलेलं असतं. मांजराचं तेच हाड अगदी छोटं असतं आणि स्नायूंमध्ये नुसतं तरंगत असतं. म्हणून दबकत चालताना मांजराची खांद्याची हाडं पाठीच्याही वर येतात, आळीपाळीनं, पिठाच्या गिरणीतल्या पट्ट्यासारखी सलग. म्हणूनच फाटकाच्या गजांमधून डोकं गेलं की मागोमाग खांदेही जातात. आपल्याला हे जमणार नाही. पण त्याच्या जवळ जाता येतं.

माणसं हा प्रयत्न फार आधीपासून करत आली आहेत. योगवर्गात मार्जारासन करताना आपण पाठीचा कणा वर-खाली वाकवतो. केरळच्या कळरिपयट्टू ह्या युद्धकलेत प्राण्यांच्या पवित्र्यांमध्ये मार्जार वडिवु आहे. पोलंडचे नाट्यदिग्दर्शक येझी ग्रोटोव्स्की यांनी १९६०च्या दशकात नटांसाठी जे व्यायाम बसवले, त्यातल्या एकाचं नावच 'मांजर'. झोपेतून उठून आळस देणाऱ्या मांजरावरून घेतलेला. योगवर्गात हे आसन बहुधा दहा वेळा मोजून उरकतात, त्याचं मला वाईट वाटतं. एकदा सकाळी खऱ्या मांजराला उठताना बघावं, आणि मग करावं. मान आधी की कंबर आधी, हे तेव्हा कळतं.

(दृश्य : मासळी विकणाऱ्या मावशी. विळीवर हात चालू, नजर टोपलीवर.)

एवढं सगळं शिकून झालं आणि मग आम्हाला मावशी भेटल्या. खरं तर त्या पहिल्या दिवसापासून समोरच होत्या. ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या, आणि आम्ही त्यांच्या बोक्याकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "बोका कसा चोरतो ते लिवलास का?" आणि बसल्या जागी करून दाखवलं.

हातातली विळी सोडली नाही. पाय हलवला नाही. फक्त मान जरा आत घेतली आणि नजर टोपलीवरून उचलून लांब कुठेतरी लावली. जणू टोपलीशी ह्या प्राण्याचं काही देणंघेणंच नाही. मग खांदा किंचित टोपलीकडे सरकला, तोंड मात्र दुसरीकडेच. मग थांबल्या. हाताची मागची बाजू तोंडाजवळ नेऊन चाटल्यासारखं केलं आणि कानामागून पुढे फिरवली. एकदा, दोनदा. आम्ही सगळे तो हात बघत राहिलो, आणि दुसरा हात टोपलीत जाऊन एक बोंबील घेऊन आला होता.

मुलं टाळ्या वाजवत सुटली. मी रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे तीनदा तपासलं.

त्या चाटण्याबद्दल थोडं सांगायला हवं. मांजराच्या जिभेवर मागच्या दिशेला वळलेले बारीक काटे असतात, आणि जागेपणीचा बराच वेळ ते ह्या कंगव्यानं अंग विंचरण्यात घालवतं. पण स्वच्छता हे एकच कारण नसतं. उडी चुकली, दुसऱ्या मांजरानं दटावलं, पुढे जावं की मागे ते ठरेना, अशा वेळीही मांजर अचानक बसून अंग चाटायला लागतं. ताण हलका करायची ती रीत असते. मावशींना हे कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही. त्यांनी चाटणं घातलं ते अगदी त्याच जागी, जिथे बोक्याची हाव आणि भीती समोरासमोर येतात. नट म्हणून मला ह्या स्त्रीच्या पाया पडावंसं वाटलं.

"तुम्ही शिकलात कुठे?" असं एका मुलीनं विचारलं. मावशी म्हणाल्या, "शिकतंय कोन? लक्ष नाय ठेवला तं संध्याकाळी घरी काय नेनार?"

(दृश्य : एक मुलगी ओट्याच्या पायरीवर बसलेली. सहा-सात हातांवर बोका. दोघं शांत.)

आठ जणांत एक मुलगी फार कमी बोलायची. हॉलमध्ये ती सगळ्यात मागे. कोळीवाड्यात मात्र बोका तिच्याच जवळ येऊन बसायचा. बाकीच्यांना त्याचं वाईट वाटायचं, कारण त्यांनी बिस्किटंही आणली होती.

कारण साधं होतं. बाकीचे बोक्याकडे टक लावून बघत होते, आणि मांजराच्या जगात टक लावून बघणं म्हणजे धमकी. ही मुलगी बघायची, मग डोळे बारीक करायची, हळूच मिटायची, पुन्हा अर्धे उघडायची. उन्हामुळे, असं ती म्हणाली.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं. मालकांनी आपल्या मांजराकडे बघत सावकाश डोळे मिचकावले, तेव्हा मांजरांनीही डोळे बारीक करून उत्तर दिलं. दुसऱ्या प्रयोगात माणूस अनोळखी होता. त्यानं आधी असे डोळे मिचकावले आणि मग हात पुढे केला, तर त्याच्याकडे यायला मांजरं जास्त तयार होती. मांजराची एवढी एक नक्कल मांजराला कळते. बाकी रांगणं, नख्या, म्याव ह्यांनी त्याच्या मिशीचा केसही हलत नाही.

आणि उलट? मांजर माणसाची नक्कल करतं का? त्याच वर्षी हंगेरीतल्या संशोधकांनी एबिसू नावाच्या जपानी मांजरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मी करते तसं कर' हा खेळ तिला शिकवलेला होता. मालकिणीनं हात खोक्यावर टेकवला की तिनं पंजा टेकवायचा, मालकिणीनं गाल घासला की तिनं गाल घासायचा. अठरा खेपांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळा तिनं बरोबर केलं. मांजरीनं आपला पंजा आणि माणसाचा हात ह्यांची जोडी जुळवली होती. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा सहावीतला तो मुलगा म्हणाला, "म्हणजे तीपण वही घेऊन बसली होती."

(दृश्य : छोटं शालेय सभागृह. रंगीत कागदाचा पडदा. पालकांची गर्दी.)

मांजराची भूमिका त्या न बोलणाऱ्या मुलीला मिळाली. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन १९७८ सालचं, आणि ठाण्यातल्या नाटकवेड्या पोरांची नजर कायम तिकडे असते. हा प्रयोग मात्र एका शाळेच्या सभागृहातला, दुपारी चारचा. तिच्या प्रवेशाला तीन मिनिटं. संवाद एकही नाही. शेपूट लावली नव्हती. कमरेला ओढणी बांधून आठवडाभर सराव केला, शेपूट उभी म्हणजे ओळखीच्याला राम राम, शेपूट आपटणं म्हणजे पुरे झालं, हे सगळं कण्यात उतरवलं आणि मग ओढणी सोडून टाकली.

ती आली. बसली. तिच्या आधी तिचं ऐकणं आलं. टोपलीकडे न बघता टोपलीपाशी पोचली, मनगट चाटून कानावरून फिरवलं, लहान मुलं हसली, आणि कागदाचा मासा गायब झाला. जाताना तिनं एकदा वळून बघितलं. टाळ्या पडत होत्या, बघावंसं वाटणारच.

मावशी तिसऱ्या रांगेत होत्या. नव्या लुगड्यात, केसांत अबोलीचा वळेसर. पडदा पडल्यावर त्या थेट आत आल्या, मुलीचे दोन्ही गाल धरले.

"सगला बराबर केलास गो बाय. पन म्हावरा घेतल्यावर बोका मागं बगत नाय."

मुलीनं वही उघडली आणि लिहून घेतलं.

(दृश्य : दुसरा प्रयोग. तोच प्रवेश. मासा तोंडात धरून ती पडद्याकडे निघते. टाळ्या सुरू होतात. पाठमोरी, खांदे आळीपाळीनं वर-खाली, त्याच चालीनं ती आत जाते. रंगमंच रिकामा.)