डळमळता घोटा मोजायचा कसा?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाय मुरगळला, असं कुणी सांगितलं तर आपण फार तर 'बर्फ लाव' म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. सूज आठ-दहा दिवसांत उतरते, माणूस चालायला लागतो. पण पहिल्यांदा पाय मुरगळलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा त्यातल्या सुमारे 40 टक्के लोकांचा घोटा पुढेही अधूनमधून दगा देत राहतो, असं काही पाहण्यांमध्ये दिसलं आहे. सपाट जमिनीवर चालताना पाय अचानक आत वळतो, जिना उतरताना भरवसा वाटत नाही. एक्स-रे मात्र स्वच्छ असतो.

यालाच आम्ही घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतो. अभ्यासासाठी माणसं निवडताना 2013 पासून इंटरनॅशनल अँकल कन्सॉर्शियम या घोट्यावर काम करणाऱ्या संशोधकांच्या गटाचे निकष वापरले जातात. पहिली मोठी दुखापत किमान 12 महिन्यांपूर्वीची हवी, शेवटची 3 महिन्यांच्या आतली नको, आणि गेल्या 6 महिन्यांत घोट्याने किमान दोनदा दगा दिलेला असावा. त्याशिवाय प्रश्नावल्या असतात. त्यातली एक 30 गुणांची आहे, आणि तिच्यात 24 किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर घोटा अस्थिर धरतात.

पाय आत मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट दोर, ताणलं जातं किंवा फाटतं. दोर सैल झाला म्हणून सांधा हलतो, इतकंच असतं तर प्रश्न सोपा होता. 1965 साली मायकेल फ्रीमन या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा मुद्दा मांडला. लिगामेंटबरोबर त्यातली संवेदना देणारी मज्जातंतूंची टोकंही दुखावतात, म्हणून पायाला आपली स्थिती नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची तपासणी अगदी साधी होती: एका पायावर उभं राहा. त्यांचं स्पष्टीकरण पुढे अपुरं ठरलं, पण तोल मोजला पाहिजे हे तेव्हापासून पक्कं झालं.

आज त्यासाठी फोर्स प्लेट असते. जमिनीत बसवलेली ही पाटी तळपायाचा दाब कुठे केंद्रित झाला आहे हे सेकंदातून शेकडो वेळा नोंदवते. तुम्ही एका पायावर 'स्थिर' उभे असता तेव्हाही तो बिंदू सतत भटकत असतो. तो किती वेगाने भटकला, किती जागा व्यापली, हे आकडे काढतात. आणि इथेच पंचाईत होते. डोळे उघडे ठेवून स्वस्थ उभं केलं, तर अस्थिर घोट्याचे आणि धडधाकट घोट्याचे आकडे बरेचदा जवळपास सारखेच येतात. डोळे मिटायला सांगितलं की फरक उघड व्हायला लागतो, कारण ही माणसं घोट्याकडून मिळणाऱ्या माहितीची उणीव नजरेने भरून काढत असतात.

म्हणून हालचालीची चाचणी घ्यावी लागते. वाय बॅलन्स चाचणीत एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर असा जमेल तितका लांब न्यायचा. उंच माणसाचा पाय साहजिकच लांब जातो, म्हणून ते अंतर पायाच्या लांबीने भागतात. पाय 85 सेंटिमीटर आणि पोच 68 सेंटिमीटर असेल, तर गुण 80 टक्के. टेपपट्टीवर होणारी ही चाचणी मला महागड्या यंत्रापेक्षा कमी वाटत नाही. फक्त तपासणाऱ्याने टाचेवर नजर ठेवायला हवी. उभ्या पायाची टाच हळूच उचलली किंवा पुढे नेलेल्या पायावर भार टाकला, की तो प्रयत्न बाद.

पण पोच 80 टक्के आली तरी ती कशी आली? सहज आली, की घोट्याभोवतीचे सगळे स्नायू आवळून? हे तोलाच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंची विद्युत हालचाल टिपावी लागते, म्हणजे ईएमजी. आपल्याला मुख्यतः हवा असतो पेरोनियस लाँगस. नडगीच्या बाहेरच्या बाजूने उतरणारा, घोट्यामागून तळव्याखाली जाणारा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढणारा हा स्नायू. गुडघ्याखाली बाहेर हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून बाहेरच्या घोट्यापर्यंत रेघ धरायची आणि वरून पाव अंतरावर इलेक्ट्रोड लावायचे. आधी केस काढायचे, स्पिरिटने त्वचा पुसायची. मग पाऊल बाहेर वळवायला सांगून पडद्यावर सिग्नल उसळतो का ते बघायचं. हा स्नायू अरुंद आहे, त्यामुळे इलेक्ट्रोड जरा सरकला तरी शेजारच्या स्नायूचा सिग्नल मिसळतो आणि पुढचं सगळं गणित शेजाऱ्याचं निघतं. शिवाय व्होल्टचा कच्चा आकडा दोन माणसांत ताडून बघता येत नाही, कारण त्वचा आणि चरबीचा थर वेगळा असतो. म्हणून आधी पूर्ण जोर लावायला सांगून त्या जोराच्या टक्केवारीत बाकीचं मोजतात.

संशोधकांनी अनेक वर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला: प्रतिक्रियेचा वेळ. माणसाला एका बाजूला झुकणाऱ्या फळीवर, म्हणजे झडपेवर, उभं करायचं, झडप अचानक 30 अंशांनी आत झुकवायची आणि पेरोनियस किती वेळात जागा होतो ते मोजायचं. उत्तर साधारण 50 ते 80 मिलिसेकंद. अस्थिर घोट्यात तो उशिरा जागा होतो असं काहींना आढळलं, काहींना नाही. मला हा वाद दुय्यम वाटतो. सिग्नल दिसल्यावर स्नायूत खरं बळ यायलाही वेळ लागतो आणि एकूण हिशेब 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तेवढ्यात शरीराचा भार आत वळलेल्या पावलावर आलेला असतो. धडधाकट माणसाचा प्रतिक्षेप, म्हणजे स्नायूची ही आपोआप होणारी प्रतिक्रियासुद्धा, तिथे वरातीमागून घोडंच.

मग बहुतेकांचे घोटे वाचतात कसे? पाऊल टेकण्याआधीच पेरोनियस थोडा ताणून तयार असतो म्हणून. उडी मारून उतरताना फोर्स प्लेट आणि ईएमजी एकाच घड्याळावर चालवले, की जमिनीला स्पर्श होण्याआधीचे 200 मिलिसेकंद वेगळे काढता येतात. अस्थिर घोट्याच्या लोकांत याच खिडकीत पेरोनियसची तयारी कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. चालताना मात्र टाच टेकल्यावर तोच स्नायू उलट जास्त काम करताना आढळला आहे. हा विरोधाभास मला पटण्यासारखा वाटतो: जिथे वेळ मिळतो तिथे शरीर जास्तीची खबरदारी घेतं, झटपट कामात ती जमत नाही. म्हणूनच तोल आणि स्नायू वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कामांत मोजून शेजारी शेजारी छापले तर त्यातून फारसं काही कळत नाही.

आणखी एक सापळा आहे. तुलनेला त्याच माणसाचा 'चांगला' पाय घेणं सोयीचं, पण दुखापतीनंतर नियंत्रणातले बदल मज्जासंस्थेत वरपर्यंत जातात आणि काही लोकांत न दुखावलेल्या पायाचा तोलही बिघडलेला आढळतो. दोन्ही पाय सारखे आले म्हणजे बरा झाला, असं लिहून मोकळं होऊ नये. त्यापेक्षा ज्यांचा पाय एकदा जोरात मुरगळला आणि नंतर कधीच त्रास झाला नाही, अशांशी तुलना करावी.

उपचारातही हे मोजमाप थेट कामी येतं. काही आठवडे तोलाचे व्यायाम केल्यावर वाय चाचणीत मागच्या दोन दिशांची पोच वाढते आणि पुढची तिथेच राहते, असं होऊ शकतं. पुढे पोचायला उभ्या पायाचा घोटा पुरेसा वाकावा लागतो. तो सांध्यातच अडला असेल, तर तोलाचा व्यायाम कितीही वाढवला तरी आकडा हलणार नाही. अशा वेळी भिंतीसमोर उभं राहून पाऊल भिंतीपासून किती लांब ठेवलं तरी टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो ते मोजायचं आणि आधी सांधा मोकळा करायच्या मागे लागायचं.